गरम हवेची पालखी

मी माईकवर "साठ" म्हणाले तेव्हा मला खरं तर पन्नास म्हणायचं होतं.

झालं असं. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी परिपाठाला अनिल सरांनी विचारलं, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला आपल्या शाळेतून कोण काय करणार? अनिल सर आम्हाला विज्ञान शिकवतात आणि उत्तर आलं नाही की स्वतःच्याच घड्याळाकडे बघत बसतात. सगळी शाळा चपलांकडे बघत होती. आठवीपर्यंत मीपण तेच करायचे. आठवीपर्यंत मी वर्गात बोललेलं सगळ्यात लांब वाक्य "हजर सर" हे होतं, आणि तेसुद्धा काही वेळा सरांना ऐकू जायचं नाही, मग माझी गैरहजेरी लागायची. नववीत मला काय झालं देव जाणे. आई म्हणते, शिंगं फुटली. फुटली तर फुटली. मी सरळ चालत गेले, माईक हातात घेतला आणि म्हणाले, "मी ज्ञानेश्वरी. मी रिकाम्या डब्यांचं एक यंत्र करणार आहे. त्यात काही जळणार नाही. नुसत्या उन्हावर त्याच्यातून साठ अंशांची गरम हवा येणार."

"साठ?" सर म्हणाले. "नक्की?"

"साठच. वर गेली तर आपण काय करणार?"

पाचवीतलं कुणीतरी हसलं. सरांनी तिथल्या तिथे फॉर्म भरला. 'अपेक्षित तापमान' या रकान्यात निळ्या पेनाने साठ लिहिलं आणि मला दाखवलं. निळ्या पेनाचं खोडता येत नाही.

म्हणजे आता साठ आले नाहीत, तर मला परत मागच्या बाकावर जाऊन उरलेली शाळा "हजर सर" वर काढायला लागणार होती. हे कुणी मला सांगितलं नव्हतं. पण मला ते त्या निळ्या शाईइतकं स्वच्छ दिसत होतं.

यंत्र मी मोबाईलवर बघितलं होतं. एका परदेशी आजोबांनी रिकामे डबे एकावर एक चिकटवले, काळे रंगवले, काचेच्या पेटीत ठेवले. उन्हाने डबे तापतात, खालून गार हवा आत शिरते, डब्यांमधून वर जाता जाता तापते आणि वरून बाहेर पडते. आजोबांच्या अंगणात गुडघाभर बर्फ होता आणि ते आत खोलीत बनियनवर बसले होते! आमच्याकडे बर्फ नाही, एवढा एकच फरक होता. तो मला तेव्हा फार लहान वाटला.

बाकी कुणाला तो लहान वाटला नाही. "गरम हवा? रत्नागिरी जिल्ह्यात? कशाला?" हा प्रश्न मला त्या आठवड्यात एकोणीस जणांनी विचारला. आई म्हणाली, "मे महिन्यात अंगणात उभी राहा. फुकट मिळते."

डबे मिळाले लांज्याजवळ हायवेच्या एका ढाब्यामागे. थोडे कोल्ड्रिंकचे होते, पण खरं सांगायचं तर थोडेच. मी गोणी भरून आणली आणि पलंगाखाली ढकलली. दुसऱ्या दिवशी आईने केर काढताना ती बाहेर ओढली.

"ज्ञानू, हे काय?"

"डबे."

"कसले?"

"रिकामे."

"रिकामे दिसतायत मला. कुणी केले रिकामे?"

"मला काय माहीत? अठ्ठेचाळीस आहेत. तेवढेच लागतात."

"अठ्ठेचाळीस! मोजून सांगतेय वर तोंड करून!"

तिने मुंबईला बाबांना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि सांगितलं की तुमच्या लेकीच्या पलंगाखाली बिअरचे अठ्ठेचाळीस डबे निघालेत. बाबांनी विचारलं, "कुठली?"

त्या एका शब्दाने माझं काम झालं. आईचा सगळा राग मुंबईला वळता झाला, आणि तो तिथे तीन दिवस राहिला. तेवढ्या वेळात मी डब्यांची बुडं कापून घेतली.

बाकीचं सामान असं आलं: पेटी आंब्याच्या जुन्या खोक्यांच्या फळ्यांची, काच शेजारच्यांच्या मोडक्या शोकेसची, पंखा शाळेतल्या मेलेल्या कॉम्प्युटरचा, त्याला बॅटरी बाबांच्या पडून असलेल्या मोटरसायकलची, आणि पाइप नळपाणी योजनेचा उरलेला. काळा रंग आणि थर्माकोल सदूमामाने आणलं. सदूमामा रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात आहे. मासे भरायची थर्माकोलची फुटकी खोकी घेऊन तो एसटीने आला, आणि कंडक्टरने त्याला मागच्या दाराशी उभं केलं.

"मामा बर्फ विकतो नि भाची गरम हवा," तो म्हणाला. "आपलं खानदान कुठल्या तरी एका बाजूने नक्की बुडणार."

खोकी मी तीनदा साबणाने धुतली. कोरडी असताना वास येत नव्हता. तापल्यावर काय होईल याचा विचार मी केला नव्हता.

प्रदर्शन मंगळवारी होतं. रविवारी भर दुपारी मी यंत्र अंगणात कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्याला तिरकं टेकवून दक्षिणेकडे तोंड करून ठेवलं. पंखा सुरू केला. पाच मिनिटांनी पाइपातून गरम हवा आली! खरीखुरी! मी तोंडावर घेतली, हातांवर घेतली, नुकतीच न्हाले होते म्हणून केसही त्यात वाळवले. हवेला बांगड्याचा वास होता, पण गरम होती. शाळेतून आणलेलं थर्मामीटर लावलं. पन्नास. चोपन्न. सत्तावन्न. आणि थांबलं.

सत्तावन्न म्हणजे कुठूनतरी हवा गळत होती. बारीक गळती शोधायला धूर लागतो. मी देव्हाऱ्यातून अगरबत्ती आणली, पेटवली आणि पेटीच्या कडेकडेने फिरवायला लागले. धूर जिथे आत ओढला जाईल तिथे फट. आणि ती सापडलीसुद्धा, वरच्या उजव्या कोपऱ्यात. मी तिथे अगरबत्ती धरून वाकून बघत होते आणि मागून आवाज आला.

"कुणाची पूजा चाललीय गो?"

भागोजी तात्या. आमच्या गावचे गावकर, म्हणजे देवळातला पहिला मान त्यांचा. वय पंच्याहत्तर, मिशी पंचवीस.

"पूजा नाही तात्या. गळती शोधतेय."

"देवाकडं गळती शोधत नाय, बाय. मागणं मागतात."

"हा देव नाहीये. हे यंत्र आहे. गरम हवेचं."

तात्या जवळ आले. पाइपासमोर हात धरला. मग चेहरा धरला. डोळे मिटले. "बांगडा," ते म्हणाले. मग डोळे उघडले आणि एकदम गावकर झाले. "देवीला दाखवलंस?"

"काय?"

"हे. नवीन हाय ना? गावात रिक्षा आली, आधी नवलाईच्या देवळात गेली. बोअरला पाणी लागलं, पहिली कळशी देवीला. पहिला आंबा देवीला, पहिलं भात देवीला. आणि ही एवढी गरम हवा तू परभारे सुरू केलीस? वर अगरबत्ती पण लावलीस?"

"तात्या, मी फक्त केस वाळवले."

"केस!" त्यांनी माझ्या केसांकडे असं बघितलं की जणू मी नैवेद्याच्या ताटातला मोदक खाल्लाय. "म्हंजे उष्टी केलीस."

मी फट बुजवली, पण संध्याकाळपर्यंत दोन्ही वाड्यांत बातमी पसरली होती की ज्ञानूने देवीच्या आधी हवा खाल्ली.

सोमवारी भर दुपारी मला शाळेतून उठवून यंत्रासकट देवळात बोलावलं. मी यंत्र देवळासमोर उन्हात मांडलं. देवीचे पुजारी दादू गुरव म्हणाले, देवीला विचारायचं तर वस्तू तिच्यासमोर हवी. मग नळपाणी योजनेचे आणखी चार पाइप जोडून हवेचं तोंड थेट गाभाऱ्याच्या दारात नेलं. गाभाऱ्यात सूर्य जात नाही, म्हणून सूर्याने पाइपातून जायचं.

गाव बसलं. पुरुष सभामंडपात, बायका पायऱ्यांवर, आई बायकांमध्ये पदर तोंडाला लावून. मुलींनी अशा वेळी कुठे बसायचं ते ठरलेलं नाही, कारण मुलींना कधी बोलावलेलंच नसतं. म्हणून मी उभी राहिले.

"हवा उष्टी हाय," तात्यांनी सुरुवात केली. "उष्टं देवीला चालत नाय."

"आणि वास?" खालच्या वाडीतून कुणीतरी म्हणालं. "बांगड्याचा येतो."

"देवीला तिखटाचा, मासळी-मटणाचा मान हायच की," दादू गुरव म्हणाले. "पण बाजूला महादेव हाय. त्याला सोमवारी बांगडा?"

सगळ्यांनी महादेवाच्या देवळीकडे बघितलं. पाइप अर्धी वीत देवीकडे सरकवला.

हे लोक यंत्र ठेवून घेणार, उद्या चौदा शाळा लांज्यात पोचणार, आणि अनिल सर घड्याळाकडे बघत बसणार. माझं तोंड आपोआप उघडलं.

"तात्या, रविवारची हवा गेली! माझ्या केसांना लागली ती कधीच उडून गेली. आत्ता आहे ती आजच्या उन्हाची आहे. उष्टं भांडं घासलं की त्यात आपण देवाचं जेवण करतो की नाही? मी सगळा पाइप राखेने घासलाय."

सभामंडपात कुजबुज झाली. राखेने घासलाय या गोष्टीचा चांगला परिणाम झाला होता.

"कौल लावा," तात्या म्हणाले.

आमच्याकडे असं असतं: गुरव देवीच्या मूर्तीवर दोन बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी कळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. दादू गुरवांनी कळ्या लावल्या, हात जोडले. "आई नवलाई, ही पोर गरम हवा घेऊन आलीय. तुला ही पोचत असंल तर उजवी दे. पोचत नसंल तर डावी दे. लेकरांचा घोळ करू नको."

गाभाऱ्यात पंख्याची घरघर आणि थोडा बांगडा. पाच मिनिटं झाली. दहा झाली. कधीकधी तासभर लागतो म्हणतात. तेरा मिनिटांनी उजवी कळी टपकन पडली.

"होय म्हाराजा!" सगळं गाव ओरडलं.

पाइपाचं तोंड देवीच्या उजव्या बाजूला होतं आणि गरम हवेत ओली कळी लवकर वाळते, हे मी कुणाला सांगितलं नाही. देवीनेही नाही सांगितलं.

पण गोष्ट तिथे संपली नाही, कारण देवीनंतर मानकरी. देवीला पहिली हवा, मग दुसरी कुणाला? वरच्या वाडीचं म्हणणं, नारळ पहिला आमचा, म्हणून हवा आमची. खालच्या वाडीचं म्हणणं, शिमग्याला पालखी पहिली आमच्याकडे येते, म्हणून हवा आमची. काल जी हवा कुणालाच कशाला हवी ते कळत नव्हतं, तिच्यासाठी आज दोन काका एकमेकांचे शर्ट धरून उभे! शेवटी ठरलं, दोन्ही वाड्यांनी एकदम पाइपासमोर हात धरायचे. तेवढ्यात खालच्या वाडीचे एक आजोबा म्हणाले, माझा लेक संदेश मुंबईला आहे, घरचा मान त्याचा. संदेशदादाला व्हिडिओ कॉल लावला. तो ऑफिसच्या जिन्यात उभा होता. आजोबांनी मोबाईल पाइपासमोर धरला.

"पोचली काय रे?"

"काय पोचली?"

"हवा!"

"बाबा, मी मीटिंगमधून आलोय."

"पोचली काय ता सांग!"

"हो, पोचली," संदेशदादा म्हणाला, आणि मोबाईल तापून बंद पडला. हा देवीचा प्रसाद आहे असं सगळ्यांचं मत झालं.

मी यंत्र उचलायला गेले तर तात्यांनी काठी आडवी केली. "आता ते देवीचं झालं."

"तात्या, उद्या प्रदर्शन आहे! अनिल सरांनी टेंपो सांगितलाय!"

"देवीची वस्तू टेंपोत जात नाय. खांद्यावर जाते. आम्ही नेऊ."

"नऊ किलोमीटर?"

"शिमग्याला नाय नेत?"

"आणि तिथे साठ अंश लागतात, तात्या! साठ आले नाहीत तर—"

"तर काय?"

मला ते देवळात सगळ्यांसमोर बोलता आलं नाही. "तर माझं काही खरं नाही," एवढंच म्हणाले.

तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. "साठ म्हंजे किती?"

"काल सत्तावन्न आले होते."

"मग तीनच राहिलेत," तात्या म्हणाले. "तीन तर आम्ही मागून घेऊ."

आणि पहाटे त्यांनी खरंच मागितले. यंत्राला दोन बांबू बांधले होते. काचेवर झेंडूचा जाडजूड हार आणि मूठमूठ गुलाल. पुढे ढोल घेऊन नितेश, जो आमच्या गावात सगळ्यात छान ढोल वाजवतो आणि बाकी काहीही करत नाही. तात्यांनी हात जोडून, सगळ्या ग्रामदेवतांना हाक मारत गाऱ्हाणं घातलं.

"आई नवलाई, पावणाई, बाराच्या पूर्वसा!"

"होय म्हाराजा!"

"ही ज्ञानू यंत्र घेऊन लांज्याला निघालीय. त्याला कुणाची नजर लागली असंल, कुणी ढग आडवा घातला असंल—"

"होय म्हाराजा!"

"—तर त्याला बाजूला कर, आणि सत्तावन्नाचे साठ कर!"

"होय म्हाराजा!"

अनिल सर बूट घालून आले होते. ते यंत्राकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. "फॉर्मवर सहायक दोनच लिहिलेत मी," ते हळूच म्हणाले. मागे चाळीस माणसं होती.

नऊ किलोमीटरला आम्हाला पावणेपाच तास लागले, कारण वाटेत प्रत्येक घरासमोर बायका आरती घेऊन उभ्या. ओवाळायच्या आणि मग पाइपापुढे चेहरा करायच्या. सकाळचं ऊन कोवळं होतं, हवा जेमतेम कोमट होती, नुसता बांगडा येत होता. तरी सगळ्या म्हणाल्या, छान आहे. काचेवरचा गुलाल मला दिसत होता. मनात म्हटलं, पोचल्यावर पुसू.

ज्या शाळेत प्रदर्शन होतं तिथे आम्ही ढोलासकट फाटकातून शिरलो. सगळ्या शाळांची पोरं खिडक्यांना लटकली. एक शिक्षक यादी घेऊन धावत आले. "थांबा, थांबा! मिरवणूक कसली? आज प्रदर्शन आहे."

"सौर हवा तापक," अनिल सर म्हणाले.

शिक्षकांनी यादी बघितली. "टेबल क्रमांक चौदा. सभागृहात आत."

"आत?" मी म्हणाले. "सर, हे उन्हावर चालतं!"

"सगळी मॉडेल्स आतच आहेत. नियम आहे. टेबलावर ठेवा."

मी तात्यांकडे बघितलं. आणि त्या दिवशी पहिल्यांदा तात्या माझ्या उपयोगी पडले.

"टेबलावर?" ते गरजले. "पालखी सहाणेशिवाय टेकत नाय! सहाण कुठं हाय तुमची?"

"सहाण?"

"देवीची पालखी टेकवायचा चौथरा. दगडी. हाय काय तुमच्या शाळेत?"

शिक्षकांनी आजूबाजूला बघितलं. सहाण नव्हती. बास्केटबॉलचा खांब होता.

"मग आम्ही उभे राहतो," तात्या म्हणाले, आणि ते धरून चौघे मानकरी यंत्र खांद्यावर घेऊन भर मैदानात, भर उन्हात उभे राहिले. यापेक्षा चांगली जागा मला कुणी मागूनही दिली नसती! साडेअकरा वाजून गेले होते, ऊन कडकडीत. मी पंखा सुरू केला, अनिल सरांनी हात उंच करून थर्मामीटर पाइपाच्या तोंडाशी धरलं.

बारा वाजता परीक्षक मॅडम बाहेर आल्या. उंच, गॉगल, हातात वही. त्यांनी आधी माणसं बघितली, मग यंत्र, मग मला.

"मॉडेल कुणाचं?"

"माझं. ज्ञानेश्वरी. नववी."

"फॉर्मवर साठ अंश लिहिलंय. आत्ता किती?"

"अठ्ठेचाळीस," अनिल सर म्हणाले.

"मॅडम, थोडं थांबा. कोन चुकलाय." कोन चुकणारच. चौघांची उंची चार तऱ्हेची, यंत्र पश्चिमेला तोंड करून आडवं लोळत होतं. मी कमरेवर हात ठेवले. "पुढच्या दोघांनी गुडघे वाकवा. अजून. काका, तुम्ही डावीकडे वळा. डावीकडे! जेवायचा नाही तो हात!"

"मानकऱ्याला गुडघे वाकवायला सांगतेय," एक काका कुरकुरले.

"वाकव रे," तात्या स्वतः वाकत म्हणाले. "तीन अंशांचा प्रश्न हाय."

पन्नास. त्रेपन्न. पंचावन्न. पंचावन्न. पंचावन्न.

"बाळ, इथे गरम हवेचा उपयोग काय?" मॅडमनी विचारलं. मी उत्तर द्यायच्या आधी चाळीस माणसांनी दिलं.

"आमसुलं वाळतील!"

"पापड!"

"माझा खांदा धरलाय मॅडम, तो शेकेल!"

"देवीला आवडते!" हे दादू गुरव.

मॅडमनी माझ्याकडेच बघितलं. "तुझं उत्तर?"

"मॅडम, खरं सांगू? अजून नक्की माहीत नाही. आधी होतंय का ते बघायचं होतं."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. लांब लिहिलं. मग घड्याळ बघितलं. "माझ्याकडे अजून दहा मिनिटं आहेत."

पंचावन्न. काचेकडे बघितलं तर अर्धी काच हाराने झाकलेली आणि उरलेली गुलालाने गुलाबी. डब्यांपर्यंत ऊन पोचतच नव्हतं.

"तात्या, हार काढायला लागेल. आणि गुलाल पुसायला लागेल."

नितेशच्या हातातली टिपरी थांबली. "देवीचा हार?" दादू गुरव म्हणाले. "आरती झाल्याशिवाय हार उतरत नाय."

"मग आरती करा!"

"आरती संध्याकाळी असते."

संध्याकाळी ऊन नसतं. मी तात्यांकडे बघितलं. ते खांद्यावर बांबू घेऊन गुडघ्यात वाकलेले, घामाने मिशी खाली आलेली. मला वाटलं, झालं. माझं वाक्य संपलं, आता परत "हजर सर." आणि मग मला इतका राग आला की मी एका पोराची खुर्ची ओढून आणली आणि तिच्यावर चढले.

"कौल कशाचा लावला होता?" मी ओरडले. माईक नव्हता, लागला नाही. "गरम हवेचा! देवीने उजवी दिली ती तापायला दिली. हार घातला तो तुम्ही. गुलाल टाकला तो तुम्ही. तिने मागितलं होतं का?"

मी हार काढला. आता हा ठेवायचा कुठे? जमिनीवर ठेवता येत नाही, माझ्या गळ्यात घालता येत नाही, समोर एकच हात मोकळा दिसला, तो मॅडमचा. मी हार त्यांच्याकडे दिला. मॅडम आजवर शंभर कार्यक्रमांना पाहुण्या म्हणून गेल्या असणार. त्यांनी सवयीने मान वाकवली, हार गळ्यात घातला आणि म्हणाल्या, "आपण केलेल्या सत्काराबद्दल मी आभारी आहे."

चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. पाणी आणि रुमालाने मी काच पुसली. माझे हात, गणवेश, कपाळ, सगळं गुलाबी झालं.

सत्तावन्न.

अठ्ठावन्न.

एकोणसाठ.

आणि एकोणसाठवर नितेशचा संयम संपला. टाळ्यांनंतर ढोल नाही हे त्याला सहनच होईना. त्याने टिपरी उचलली आणि मारली. ढोल वाजला की आमच्या माणसांचे खांदे कुणाचं ऐकत नाहीत. पुढचे दोघे डावीकडे झुकले, मागचे दोघे उजवीकडे, यंत्र आकाशात हेलकावे खायला लागलं. पालखी नाचायला लागली!

"अठ्ठावन्न!" अनिल सर किंचाळले. ते थर्मामीटर धरून पाइपाच्या मागे मागे पळत होते. "सत्तावन्न!"

"थांबा!" मी खुर्चीवरून ओरडले. "सगळ्यांनी थांबा! नितेशदादा, टिपरी खाली! कुणी हलायचं नाही! श्वास घेतला तरी हळू घ्या!"

आणि थांबले. खरंच थांबले. शिमग्यात पोलीस सांगतात तरी थांबत नाहीत ते लोक. तात्या एक पाय उचललेला तसाच धरून उभे राहिले. खिडक्यांतली पोरं गप्प. मॅडम हार घालून, वही छातीशी धरून, तोंड उघडं टाकून उभ्या. मैदानात फक्त मेलेल्या कॉम्प्युटरचा पंखा फिरत होता.

अठ्ठावन्न.

कुणाचातरी गुडघा कट्‌कन वाजला. कुणीही बघितलं नाही.

एकोणसाठ.

अनिल सरांनी घड्याळाकडे नाही बघितलं. त्यांनी डोळे बारीक करून थर्मामीटरच्या अगदी जवळ नाक नेलं, आणि बांगड्याच्या वासात एक लांब श्वास घेतला.

"साठ," ते म्हणाले, अगदी हळू, आवाजाने पडेल की काय अशा भीतीने. मग मॅडमनी स्वतः मान उंचावून बघितलं आणि वहीत लिहिलं. मी खुर्चीवरून वाचलं. निरीक्षित तापमान: साठ. त्यांचंही पेन निळं होतं. मला इतकं ओरडावंसं वाटत होतं, पण मीच सांगितलं होतं ना, कुणी हलायचं नाही. म्हणून मी नुसती उभी होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि गुलाल खाली ओघळत होता.

"बाय," तात्या म्हणाले. त्यांचा उचललेला पाय लटलट कापत होता. एवढे गावकर, पण आवाज एकदम बारीक केला होता. "झाले ना साठ? आता पाय टेकू काय?"

मी थर्मामीटरकडे बघितलं.

"पाय टेका तात्या," मी म्हणाले. "पण यंत्र हलवू नका. अजून चढतंय."